दुखणं नेमकं कुठं

शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात मी आजारांना नंबर देते. पेशंटची फाईल माझ्या टेबलावर येते. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचायचं, वर्गीकरणाच्या पुस्तकात त्याचा खाना शोधायचा आणि नंबर टाकायचा. इतकी वर्षं हे काम केल्यावर मला वाटायला लागलं होतं, की आजार म्हणजे काय ते आपल्याला कळतं. माझ्या सासूबाईंनी तो भ्रम उतरवला.

त्यांना आम्ही आत्ती म्हणतो. नेसरीला राहतात, दोन म्हशी आणि थोडा ऊस सांभाळून. गोठ्यातून हाक मारली तर रस्त्यावरचा माणूस थांबावा असा आवाज. पण या बाईनं तीन वर्षं एक गोष्ट कुजबुजूनसुद्धा कुणाला सांगितली नव्हती. लघवीच्या जागेला, बाहेरच्या बाजूला, एक फोड होता. खाजायचा, मधूनच रक्त यायचं, खपली धरायची आणि पुन्हा उकलायची. अवघडून चालण्यावरून कुणी विचारलंच, तर त्या सांगायच्या, "मांडीला गळू झालंय." गावच्या डॉक्टरांनाही तेच सांगितलं. त्यांनी न बघताच गळवाचं मलम दिलं. आमच्याकडं बाईला कमरेखाली काहीही झालं तरी ते मांडीलाच होतं.

शेवटी लुगड्यावरचं रक्त मला दिसलं. मी भांडले, रडले आणि त्यांना आमच्या दवाखान्यात घेऊन आले. डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर आलं, बेसल सेल कार्सिनोमा. कॅन्सर हा शब्द मी दोनदा वाचला. बाईंनी मला बसवून समजावलं. हा कातडीच्या वरच्या थरातल्या अगदी तळाच्या पेशींचा कॅन्सर; बहुतेकदा उन्हात रापलेल्या तोंडावर दिसतो, या जागी क्वचित. हळू वाढतो, सहसा दुसरीकडं पसरत नाही, पण तसाच ठेवला तर आजूबाजूचं खात जातो. त्यांनी तो कडेच्या चांगल्या कातडीसकट काढला. परत उगवू शकतो म्हणून तपासणीला येत राहायला सांगितलं.

टाके दाखवायला आत्ती आल्या त्या दिवशी त्यांची फाईल माझ्या टेबलावर होती. हाच आजार नाकावर झाला असता तर कातडीच्या खान्यात गेला असता. योनिमुखावरचा मात्र पुस्तकाप्रमाणे बायकांच्या अवयवांच्या खान्यात जातो. नियम मला पाठ होता. तरी मी कातडीचा नंबर टाकला आणि पुढं लिहिलं, जागा: मांडी. फाईल घरी गेली की दीर बघणार, आत्तींचे जावई बघणार. आत्तींची लाज राखतेय असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर माझीच राखत होते.

आत्ती समोर बसल्या होत्या. "काय लिवलंस? वाच की."

मी वाचलं.

"मांडी?" त्यांचा आवाज चढला. बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "मांडीला काय झालंय माझ्या? तीन वर्सं मी ह्येच खोटं बोललो, म्हणून एवढं कापाय लागलं. आन् तू शिकल्याली, तू बी त्येच लिवतीस व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ते खोडलं, बरोबर नंबर घातला, खरी जागा लिहिली आणि सही केली. नोकरीत मला इतकं नीट कुणीही झापलेलं नाही.

आठवड्यानं मी त्यांना नेसरीला सोडायला गेले. गल्लीतल्या बायका केळी आणि बिस्किटं घेऊन बघायला आल्या. "काय झालतं वो आक्का?" एकीनं विचारलं.

"लघवीच्या जागंला क्यान्सर. कातडीचा. काढला. आता बरी हाय."

चहाचे कप हातातच राहिले. कुणी आढ्याकडं बघितलं, एकीला एकाएकी म्हशीची धार आठवली. माझी मान खाली गेली होती आणि त्याच वेळी या बाईचा मला इतका अभिमान वाटत होता, की उठून त्यांचे पाय धरावेत.

बायका एकेक करून गेल्या. शेजारची तेवढी बसून राहिली, पन्नाशीची. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

शेवटी आत्तींनीच विचारलं, "किती दिस झालं?"

"वर्स झालं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"उद्या पयल्या यष्टीनं जायाचं. मी येतो संगं. डाक्टरीणबाईम्होरं तुझ्या तोंडातनं न्हाय निघालं, तर मी सांगतो."