लाईन गेली तरी

"सीओपीडी है," डॉक्टर म्हणाले आणि यांच्याकडे पाहून विचारले, "बीड़ी कितनी पीते थे?"

माझ्या नवऱ्याने जन्मात बिडी ओढली नाही. तसे सांगितल्यावर त्यांनी विचारले, मग काम कुठे? उरल्याला, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतले. सीओपीडी म्हणजे छातीतल्या श्वासाच्या नळ्या आकसतात आणि पूर्वीसारख्या कधीच मोकळ्या होत नाहीत. मिलने निरोपाच्या दिवशी यांना शाल दिली. मास्क मात्र इतक्या वर्षांत एकदाही दिला नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून लिहिते. कुणाच्या घरी असे दुखणे आले आणि हे त्यांच्या हाती लागले, तर बरेच.

स्पायरोमेट्री नावाची तपासणी असते. नळीत जोराने फुंकायचे. यांना ते जमेना. बाहेर बाकावर बसलो, तर समोरचा कोपरा गुटख्याने कमरेइतका लाल झालेला. छातीच्या दवाखान्यात येऊन लोक थुंकत होते. पदर नाकाला लावून मी नंबर यायची वाट पाहिली.

घरी कॉन्सन्ट्रेटर आले. हे मशीन खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात देते आणि विजेवर चालते. म्हणून इन्व्हर्टर घेतला. डॉक्टरांनी बजावले, "होंठ नीले दिखें तो सोचना मत, सीधा गाड़ी बुलाना।"

गाडी, म्हणजे अँब्युलन्स, बोलवायची तर फोन हवा. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, घराच्या आत मोबाईल लागत नाही. जुना टेलिफोन होता. लाईट नसतानाही तो चालायचा. भिलाईला दिलेल्या आमच्या मुलीने तो काढून इंटरनेटवरचा फोन लावून दिला. त्याचा पांढरा डबा टीव्हीजवळच्या भिंतीला बसवला.

लावायला आलेल्या माणसाला मी दाराआडून एकच गोष्ट विचारली. "भैया, लाइन चली गई तो फोन चलेगा?"

"अम्मा, हमारी लाइन जाती ही नहीं," तो हसून म्हणाला.

आमच्याकडे वीज गेली की कुणी वीज गेली म्हणत नाही. लाईन गेली म्हणतात. तोही इथलाच, त्याला हे ठाऊक होते. तरी त्याने आपल्या तारेचे उत्तर दिले आणि सही घेऊन निघून गेला. आजही ते हसू आठवले की तोंड कडू होते.

वैशाखात दुपारी आंधी आली. समोरचे कडुलिंबाचे झाड विजेच्या खांबावर पडले. दारे लावली तरी धूळ आत आली आणि यांचा श्वास वर चढला. कॉन्सन्ट्रेटर इन्व्हर्टरवर चालू होते, पण बोटाला लावायच्या यंत्रावर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, खाली उतरत होते. ओठ जांभळे दिसू लागले.

मी फोन उचलला. आत काहीच नाही.

शेजारच्या दीदींकडे धावले. त्या मोबाईल घेऊन गच्चीवर गेल्या आणि नेटवर्क नाही म्हणत खाली आल्या. कदाचित टॉवरचीही लाईन गेली असेल. आमचे शहर राज्याची राजधानी झाल्यापासून इथे मोठमोठे पूल आले, रात्री दिव्यांनी झगमगतात. एका झाडाने सगळे मुके केले.

परत आले. टीव्हीजवळ पाहिले, तर डब्यावरचा हिरवा दिवा विझलेला. तेव्हा उमगले. तार शाबूत असली तरी हा डबा विजेवर जगतो आणि त्याचा प्लग इन्व्हर्टरवर नाही. मी डबा खिळ्यावरून काढला. पण मशीनच्या बोर्डात एकच जागा मोकळी होती आणि इन्व्हर्टर टूं टूं करू लागला होता. बॅटरी संपत आली होती. डबा लावला आणि मशीनच बंद पडले तर?

यांना बोलता येत नव्हते. त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिले आणि बोर्डाकडे बोट केले.

मी प्लग खोचला. मशीन चालू राहिले. डब्यावर लाल दिवा लागला, मग पिवळा. ते दिवे एकेक लागेपर्यंत मी यांच्या पाठीवर हात फिरवत बसले. हिरवा लागला तसा फोन घुंई करू लागला.

मी गाडीचा नंबर लावला. पलीकडच्या बाईने पत्ता विचारला. एरवी फोनवर मी नाही, हे बोलतात. मी पत्ता सांगितला, देवळापासूनचे वळण सांगितले, झाड कुठे पडले तेही सांगितले. आवाज कापत होता, पण थांबला नाही. गाडी झाडाच्या पलीकडे उभी राहिली. पाऱ्यातल्या लोकांनी यांना खुर्चीवर बसवून फांद्यांवरून पलीकडे नेले.

हे दवाखान्यातून घरी आल्यावर मी कंपनीला फोन केला. त्या साहेबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मैडम, लाइन तो आपकी ठीक थी।" मी फोन ठेवला. जास्त बोलले असते तर शिवी निघाली असती.

ज्यांच्या घरी असा फोन आहे त्यांनी लाईन हा शब्द वापरू नये. करंट गेला तर फोन चालेल का, असे विचारावे आणि समोरच्याला हो किंवा नाही म्हणेपर्यंत सोडू नये. डब्याला वेगळी छोटी बॅटरी मिळते. ती लावावी. लावली म्हणून विश्वास मात्र ठेवू नये.

मी दर सोमवारी मेन स्विच पाडते आणि फोन कानाला लावते. परवा हे पलंगावरून म्हणाले, "काहून वो, रोज लाजते अन् आज कोनाशी बोलून राहिली?"

"कोनाशी नाही. फोन जित्ता हाय का ते पाहून राहिली."

"हाय का?"

मी फोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी घुंई ऐकली, हसले, खोकले, पुन्हा हसले. आभार मानावेत अशी माणसे या प्रकरणात मला फार सापडली नाहीत. त्या घुंईला मात्र मी हात जोडते.