श्रावणात बंद राहिलेले दुकान

ती घटना आजही आठवते, कारण त्या श्रावणात आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत सदाचाराने व्यसनावर संपूर्ण विजय मिळवला होता. दुसऱ्या दिवसापासून त्या विजयातले जखमी सरकारी रुग्णालयात दाखल होऊ लागले.

मी तेव्हा सोलापूर शहरात पोलीस निरीक्षक होतो. हद्द यंत्रमागांची. टॉवेल-चादरींचे कारखाने, तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबे, घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका. ठाण्यात येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या: पाण्याच्या पाळीवरून भांडण, मोबाईलची चोरी, आणि ताडी पिऊन घातलेला गोंधळ. ताडीचे परवानाधारक दुकान हद्दीत एकच होते. त्याचा मालक भाविक माणूस. कपाळाला ठसठशीत गंध, कोणतीही मिरवणूक निघाली की स्वागताची कमान त्याची. त्या वर्षी महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती आणि त्याला नगरसेवक व्हायचे होते. म्हणून गटारीच्या दिवशी त्याने दुकानावर फ्लेक्स लावला. हात जोडलेला स्वतःचा फोटो आणि खाली मजकूर: 'पवित्र श्रावणमासानिमित्त दुकान महिनाभर बंद. व्यसनमुक्त प्रभागासाठी एक पाऊल.' ताडीविक्रेत्याच्या या मजकुरात कोणाला काही खटकले नाही. मलाही नाही. फ्लेक्सवर फोटो कोणाचा आहे एवढेच लोक बघतात.

श्रावणाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पस्तिशीचा एक यंत्रमाग कामगार ठाण्यात आला. त्याच्या थोरल्या भावाला पहाटे झटके आले होते आणि तो रुग्णालयात बेशुद्ध होता. तक्रार अशी, की वहिनीने भावाला विष घातले. सही करताना त्याचा हात इतका थरथरत होता, की ठाणे अंमलदाराने कागद धरून ठेवला. सगळे अंग घामाने भिजले होते. मी मनात म्हटले, भावावर जीव आहे. माणसे ओळखण्याचा माझा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा अनुभव होता.

त्या वहिनीला बोलावून घेतले. चाळिशीची, विड्या वळणारी बाई. नखांत तंबाखू. सोबत दोन मुली, थोरली दहावीत. आमचे हवालदार स्वतः विणकरांच्या घरातले. त्यांनी तेलुगूत सुरुवात केली, पण बाईने मराठीतच उत्तर दिले, आणि तेही माझ्याकडे बघून.

"घातली की, साहेब. खोटं कशाला बोलू? परवा चहात घातली."

"काय घातलं?"

"पावडर. मंगळवारच्या बाजारात एक म्हातारा विकतो. दारू-ताडी सोडवायची पावडर. म्हणाला, तीन दिवसांत माणूस ताडीचं नाव काढणार नाही."

हवालदार म्हणाले, "अक्का, मग?"

"मग काय? काढलं का नाव? पडलाय की गप." असे म्हणून तिने तोंडाला पदर लावला.

नवऱ्याला न सांगता त्याच्या चहात असली चूर्णे घालणाऱ्या बायका आमच्याकडे गल्लोगल्ली सापडतील. पण कायद्याच्या दृष्टीने माझ्याकडे तक्रारदार होता, कबुली होती, हेतू होता आणि पावडरची उरलेली पुडीही होती. पुडी पंचनामा करून रासायनिक विश्लेषणाला पाठवायची. अहवाल यायला काही आठवडे. तोवर बाई आत.

मात्र एक गोष्ट मला टोचत होती. विष घालणारा माणूस रिक्षा करून रोग्याला स्वतः रुग्णालयात नेत नाही, आणि नेलेच तर डॉक्टरांना पुडी दाखवत नाही. हिने दोन्ही केले होते.

"मला आत घाला," ती म्हणाली, "पण पोरींना ह्या दिराकडे पाठवू नका. ह्यो पण त्याच दुकानात ताडी पितो."

"आता श्रावण पाळतोय मी!" दीर बाकावरून ओरडला.

"दुकान बंद हाय म्हणून पाळतोयस."

मी तिला महिला शिपायाजवळ बसवले आणि हवालदारांना घेऊन रुग्णालयात गेलो. अटक करायची तर रोग्याची स्थिती लेखी हवी होती.

तिथली डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढी, डोळ्यांखाली काळी वर्तुळे. मी प्रकरण सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "साहेब, तुमची बाई फारच उद्योगी दिसते. दोन दिवसांत तिने नऊ नवऱ्यांना विष घातलंय."

ती आम्हाला वॉर्डात घेऊन गेली. नऊ खाटा, नऊ विणकर, सगळे आमच्याच हद्दीतले. एक जण भिंतीवरच्या मुंग्या झटकत होता. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. एकाला छताजवळ त्याची वारलेली आई दिसत होती आणि तो तिच्याशी भांडत होता. त्या बाईचा नवरा शुद्धीवर आला होता, पण शुद्ध म्हणण्यासारखे काही नव्हते. हात बँडेजने खाटेला बांधलेले, आणि बोटे सारखी चालू. चिमटीत काहीतरी धरायची, पीळ द्यायची, सोडायची.

"हे काय करतोय?" मी विचारले.

हवालदार खाटेजवळ वाकले. मग म्हणाले, "तुटलेला धागा जोडतोय, साहेब. माझा बाप असाच जोडायचा."

डॉक्टरने सांगितले ते असे. मेंदूत गाबा नावाचे एक रसायन असते. ते मेंदूचा ब्रेक. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या आणि क्लोरल हायड्रेट या ब्रेकवर पाय देतात. माणूस निवांत होतो, जीभ जड होते, पाय लटपटतात, काल काय झाले ते आठवत नाही. मात्रा फार झाली तर श्वासही मंद होत थांबतो. पण रोजच कोणी बाहेरून ब्रेक दाबू लागला, की मेंदू आपला ब्रेक ढिला करतो आणि वेग वाढवून ठेवतो. मग एक दिवस तो बाहेरचा पाय अचानक उचलला जातो.

"म्हणजे ब्रेक नसलेला माग," हवालदार म्हणाले. "धोटा उडून भिंतीला लागतो."

"तसंच. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, नाही ते दिसतं, झटके येतात. वेळेत आणलं नाही तर माणूस जातो. यांच्या लघवीत त्या गोळ्यांचा अंश सापडलाय. पण एकही म्हणत नाही मी गोळी घेतली. सगळे म्हणतात, फक्त ताडी प्यायचो. आणि तीही तीन दिवस बंद."

"उपचार काय?"

"त्याच जातीचं औषध. द्यायचं आणि आठवड्या-आठवड्याने कमी करत आणायचं."

"म्हणजे दुकानदार ताडीतून देत होता तेच?"

"हो. फक्त आम्ही मोजतो."

हात थरथरतात, घाम फुटतो. हे मी त्या सकाळी माझ्याच ठाण्यात पाहिले होते आणि त्याला बंधुप्रेम समजलो होतो. ठाण्याला फोन लावून तक्रारदाराला लगेच रुग्णालयात पाठवा म्हणून सांगायला गेलो, तर पलीकडे आरडाओरडा चालू होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा दीर ठाण्याच्या फरशीवर पडला होता आणि त्याला झटके येत होते. भोवती माझे पोलीस दल. एक शिपाई त्याच्या नाकाला चप्पल लावत होता, दुसरा हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबत होता, तिसरा कांद्याच्या शोधात बाहेर पळाला होता. आणि आरोपी बाई या सगळ्यांना ढकलून मध्ये घुसली होती.

"चप्पल काढा ती! कुशीवर करा त्याला, कुशीवर! तोंडात काय घालू नका!" तिने पदराची घडी करून त्याच्या डोक्याखाली सरकवली. पहाटे डॉक्टरने तिच्या नवऱ्याला असेच केले होते. तिने एकदा पाहिले आणि लक्षात ठेवले. माझ्या शिपायांना प्रथमोपचाराचे प्रशिक्षण दर वर्षी मिळत असे.

जीप रुग्णालयाकडे निघाली. दीर दहावी खाट होता. बाई फरशीवरच बसून राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "ह्याला मी चहा दिला नव्हता."

"माहीत आहे. तुम्ही मुलींना घेऊन घरी जा."

"आणि केस?"

"केस दुसऱ्या पत्त्यावर चाललीय."

बोलावल्यावर ताडीच्या दुकानाचा मालक दुसऱ्या दिवशी हसतमुखाने ठाण्यात आला. सोबत परवाना, झाडांची यादी आणि पेढे.

"साहेब, आपण तर व्यसनमुक्तीचं काम करतोय."

"पाहिलं. वॉर्ड भरलाय."

"आपली ताडी शुद्ध. मोहोळ तालुक्यात शिंदीची एकशेवीस झाडं आहेत. स्वतः जाऊन बघा."

कागदावर झाडे दाखवणाऱ्याला वाटते, पोलीस कागदच बघतील. बहुतेक वेळा ते बरोबर असते. आम्ही त्याला पेढ्यांसह बसवून ठेवले आणि मोहोळच्या पुढे, यादीत लिहिलेल्या ओढ्यावर गेलो. झाडे खरोखर होती. त्यांना मडके मात्र एकही नव्हते. जिथे मडकी टांगायची तिथे सुगरणीचे खोपे लोंबत होते, एकेका झाडाला वीस-पंचवीस. खाली शेळ्या घेऊन एक म्हातारा शेतकरी उभा होता.

"बाबा, या झाडांवर चढतं कोण?"

"कुनी न्हाय. दोन वर्सं झाली, पाखरंच चढत्यात."

"मग ताडी?"

"ह्या दिसांत कसली ताडी? आन् एवढ्या झाडांत किती निगंल ती! टेम्पो येतोय की रोज, पर झाडाकडं न्हाय जात. तितं, मोटारीच्या खोलीकडं जातोय. लई वास मारतंय तितं. माजी शेळी बी फिरकत न्हाय."

पंपाच्या खोलीला कुलूप होते. ते तोडायला झडतीचे कागद लागतात आणि पंच लागतात. शिवाय मालकाच्या तोंडून काही निघाले तर हवेच होते. मी परत येऊन त्याच्यासमोर बसलो. तोवर त्याच्या दुकानातून जप्त करून आणलेल्या पिंपातला एक ग्लास मध्ये ठेवला.

"शुद्ध आहे ना? मग घ्या."

"श्रावण आहे, साहेब."

"बरं. झाडांवर खोपे आहेत. मडकी कुठे टांगता?"

"पक्ष्यांना कोण अडवणार? जीवदया म्हणून आम्ही मडकी आता खोलीतच ठेवतो."

"म्हणजे ताडी खोलीतच गळते?"

त्याने पेढ्यांच्या खोक्याकडे पाहिले. मग पाणी मागितले. पाणी पिऊन होईपर्यंत त्याच्या लक्षात आले होते, की खोलीचा उल्लेख त्याने स्वतःच केला आहे. पुढचा तपशील त्याने अर्ध्या तासात दिला. खोलीत क्लोरल हायड्रेटची पोती होती, कुटलेल्या गोळ्या होत्या, गोडीसाठी सॅकरिन आणि फेसासाठी रिठे. शिंदीच्या रसाचा एक थेंबही नव्हता. हाच माल शहरातल्या आणखी तीन दुकानांत जात होता. ती दुकाने श्रावणातही उघडी होती, कारण त्यांच्या मालकांना निवडणूक लढवायची नव्हती.

वरिष्ठांचा आदेश आला: ती खोली आणि तीन दुकाने, चारही ठिकाणी तत्काळ छापे, संध्याकाळी पत्रकार परिषद. मी प्रथमच स्पष्ट नकार दिला. तीन दुकाने आज बंद केली तर परवा शे-दोनशे माणसे झटके येऊन फरशीवर पडतील, आणि त्यांच्या नाकाला चपला लावल्या जातील. मी दोन दिवस मागितले. वरिष्ठ म्हणाले, "आरोपींची सोय बघताय की जनतेची?" मी म्हणालो, "खाटांची, सर."

दोन दिवसांत रुग्णालयाने एक जादा वॉर्ड उघडला. छाप्यानंतर लगेच हवालदार रिक्षावर भोंगा लावून गल्लीगल्लीत तेलुगूत आणि मराठीत ओरडत फिरले, की ताडी सुटल्यावर थरथर झाली तर दवाखान्यात या, गुन्हा लागणार नाही. पोलिसांवर कोण विश्वास ठेवणार? कोणी आले नाही. तेव्हा ती विड्यांवाली बाई आपणहून रिक्षात बसली आणि भोंगा हातात घेतला. तिचा आवाज हवालदारांपेक्षा मोठा होता. नवऱ्यांना त्यांच्या बायकांनी दंडाला धरून आणले. वॉर्ड भरला, व्हरांडा भरला, आणि त्या सगळ्या माणसांत एकही दगावला नाही. माझ्या नोकरीत मी मोजलेला हा सर्वांत मोठा आकडा, आणि तो शून्य आहे.

बाईवरच्या गुन्ह्यात गैरसमजातून तक्रार झाल्याची 'क' समरी मंजूर झाली आणि ते प्रकरण मिटले. तिच्या पुडीत सुंठ, बडीशेप आणि पिठीसाखर निघाली. मालकाला शिक्षा झाली.

आम्हाला शिकवतात, की माणसाच्या दुर्गुणाचा माग काढा, गुन्हेगार सापडतो. या प्रकरणाने मला त्याची दुसरी बाजू शिकवली. हा माणूस दोन वर्षे विष विकत होता तोवर कोणाच्या डोळ्यावर आला नाही. आयुष्यात एकदाच, आणि तेही दाखवण्यापुरते, त्याने सत्कृत्य केले, आणि चार दिवसांत पकडला गेला. तेव्हापासून एखाद्याचे चांगले वागणे अचानक सुरू झाले, की मी त्याआधी काय चालू होते ते विचारतो.

चार महिन्यांनी जबाबावर सही घ्यायला मी त्या बाईच्या नवऱ्याच्या कारखान्यात गेलो. औषध हळूहळू कमी होत बंद झाले होते. हात स्थिर होते, वजन वाढले होते. मी जरा गंभीर होऊन विचारले, की इतक्या वर्षांनी शुद्धीत जगताना काय वाटते.

"माग लई आवाज करतोय, साहेब," तो म्हणाला. "पयलं कळतच नव्हतं."

मग त्याने कानात सुताचे बोळे घातले आणि माग सुरू केला.