छागलीतलं पाणी

त्या मे महिन्यातल्या दुपारची आठवण निघाली की आजही माझ्या घशाला कोरड पडते. नोकरीत खून, दरोडे, अपघात पुष्कळ पाहिले. त्यांतले बरेच आता एकमेकांत मिसळून गेले आहेत, ही एक केस मात्र जशीच्या तशी आहे. कुणाचं नाव लिहीत नाही. नावांची गरजही नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नगर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा फौजदार होतो. एका संध्याकाळी नगरच्या दवाखान्यातून वर्दी आली, की श्रीगोंदा तालुक्यातल्या एका तरुण बाईला जुलाब-उलट्यांमुळे आणलं होतं, ती वाटेतच मयत झाली. गाडी जिथे बंद पडली होती तो चढ माझ्या हद्दीत, म्हणून कागद माझ्याकडे. मी आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली आणि ठाणे अंमलदाराला चहा सांगितला. उन्हाळ्यात असे मृत्यू होतच, त्यात मला वेगळं काही वाटलं नाही.

चहा यायच्या आत त्या बाईचा थोरला दीर ठाण्यात आला. बागायतदार माणूस, धोतराला धूळ, डोळे लाल. तो बसला नाही, उभ्यानेच बोलला.

"सायेब, ड्रायव्हरनं मारली आमच्या सुनंला. गाडी बंद पडली म्हनून मी मोठ्या सडकंला ट्रक आडवायला गेलो. एक बी थांबला न्हाई. माघारी आलो तर हा बोनेट उघडून इंजिनावर पानी ओतीत हुता. ती आत पानी पानी करीत हुती सायेब. तिच्या डोळ्यादेखत ओतलं."

मी पेन खाली ठेवलं. तहानेनं मरणाऱ्या बाईसमोर कुणी पाणी इंजिनावर ओततो, हे माझ्या डोक्यात शिरेना. बाईचा नवरा फौजेत, लांब सीमेवर. तार गेली होती. गाडीत सासू होती, तिनेही दिराच्या म्हणण्याला मान डोलावली. ती काही बोलली नाही. दुःखात आहे, असं मी समजलो.

ड्रायव्हर त्याच गावच्या बौद्ध वस्तीतला. पस्तिशीचा, सडपातळ. स्वतःची जुनी पेट्रोल गाडी भाड्याने चालवायचा. गाडीच्या पुढच्या बाजूला कॅनव्हासची छागल टांगलेली असायची. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ही जाड कापडाची पाण्याची पिशवी. वाऱ्याने बाहेरून सुकत जाते आणि आतलं पाणी भर उन्हात गार राहतं. पंचनाम्यात आम्ही ती रिकामी छागल मुद्देमाल म्हणून जप्त केली.

गाडीही ठाण्यात आणली. त्याच संध्याकाळी उशिरा माझ्या हवालदाराने किल्ली फिरवली, गाडी पहिल्या दमात सुरू. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार वाहन निरीक्षक आले, त्यांनी तपासून लिहून दिलं की यांत्रिक दोष आढळला नाही. म्हणजे गाडी धड होती, तरी दुपारी ऐन चढावर बंद पडली, आणि पाणी ओतल्यावर काही वेळाने चालूही झाली. मला वाटलं, हा माणूस हवं तेव्हा गाडी बंद करतो, हवं तेव्हा चालू.

उरला होता हेतू. तोही चालत आला. बाजारात पंक्चरचं दुकान असलेला माझा एक खबरी होता. त्याने सांगितलं, "महिन्यापूर्वी लग्नात ह्याच दिरानं ड्रायव्हरच्या थोबाडीत दिली हुती, चारचौघांत. गाडीत बारा मानसं कोंबलेली. चढाला हा म्हनला, उनाचं इंजिन तापंल, चार जन उतरा. त्यावरून." मी चौकशी केली. थप्पड खरी होती. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला, कोर्टाने पोलीस कोठडी दिली. मी खूश होतो, हे कबूल करतो. दोन दिवसांत केस सुटल्यासारखी वाटत होती.

चौकशी मी स्वतः केली.

"पाणी का ओतलंस?"

"इंजिन गार कराया, सायेब. उनानं गाडी बंद पडली हुती."

"ती पाणी मागत होती?"

"व्हय."

"तुला ऐकू येत होतं?"

"व्हय, ऐकत हुतो."

"तरी ओतलंस?"

तो जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "व्हय."

माझा हात सुटला. दोन थपडा दिल्या. तो हलला नाही, रडला नाही. मी हवालदाराला म्हणालो, लिहून घे, कबुली दिली. पोलिसाला दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही हे मला पाठ होतं, पण माझ्यापुरता निकाल लागला होता.

त्याच दिवशी ठाण्याच्या जीपचा चालक माझ्यासमोर येऊन उभा राहिला. जुना हवालदार, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला. आमचं एक कायमचं भांडण होतं. दर हिवाळ्यात जीपचं लॉगबुक पाहिलं की गाडी कमी पळालेली आणि डिझेल जास्त जळालेलं. मी त्याला म्हणायचो, डिझेल पितोस काय? तो म्हणायचा, थंडीत इंजिन गरम व्हायलाच घोटभर जास्त लागतं साहेब. मला ती लोणकढी थाप वाटायची.

"साहेब," तो म्हणाला, "सकाळची गाडी आणि दुपारची गाडी एक नसते. तुम्ही संध्याकाळी चालू करून पाहिली, निरीक्षक साहेबांनी सकाळी. बंद पडली ती दुपारी दोनला, भरल्या गाडीनं, चढावर. उन्हात इंजिनाला आधीच दम कमी. त्यात पेट्रोल नळीतच उकळतं, त्याची वाफ होते आणि इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाला वाफ खेचता येत नाही. पंपावर ओलं फडकं टाकायचं, वरून पाणी सोडायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. दुसरा इलाज नाही. मी पेट्रोलच्या गाड्या बारा वर्षं चालवल्यात."

"तू त्याची वकिली करतोस?"

"नाही साहेब. दुपारी दोनला नेऊन बघा, एवढंच म्हणतो."

कोठडीचा तिसरा दिवस होता. मी परवानगी घेतली, दोन पंच बोलावले. चालकाच्या सांगण्यावरून सगळं त्या दिवसासारखं ठेवलं. मागे तेवढीच माणसं, पुढे छागल, पाण्याने भरलेली. छागल ड्रायव्हरने स्वतः ठाण्याच्या नळावर भरली. आमचा चालक गाडी चालवायला बसला, शेजारी आरोपी, मागे मी आणि पंच. गाडी त्याच रस्त्याने निघाली. डांबर मऊ पडलं होतं. खिडकीतून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा. मनातून मला खात्री होती की गाडी चढ चढून जाणार.

चढाच्या मध्यावर तिने आचके दिले. चालकाने गिअर खाली घेतला. आणखी दोन आचके, आणि इंजिन गप्प झालं. किल्ली फिरवून फिरवून बॅटरी दमायला आली. गाडी बंद पडली ती जागा पंचनाम्यातल्या जागेपासून हाकेच्या अंतरावर होती. मी खाली उतरलो. ज्याला खुनी समजून मी मारलं होतं, त्याचं इंजिन माझ्यासमोर त्याने सांगितलं तसंच बंद पडलं होतं.

बेडी काढून मी त्याला पुढे सोडलं. त्याने बोनेट उघडलं, खांद्यावरचं फडकं पंपावर टाकलं, छागल सोडून आणली. पण ओतली नाही. ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"आदी पिऊन घ्या सायेब. राह्यलेलं वततो."

मी म्हणालो, "तहान नाही मला. तू ओत." पंचांकडे छागल गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेही नको म्हणाले.

त्याने फडक्यावर हळूहळू पाणी सोडलं. मी सवयीने विचारलं, "आधी प्या असं का म्हणालास?"

"मी तसंच करतो. पानी आदी मानसाला, मग गाडीला. त्या दिशी बी तसंच केलं हुतं."

"कुणाला दिलंस त्या दिवशी?"

"बाईला. घरून आनलेली कळशी वांत्या धुन्यात अर्ध्या वाटंत सरली हुती. गाडी बंद पडल्यावर मी छागल सोडून आत धरली. तिनं हात पुढं केला. सासूनं तो हात धरला. म्हनल्या, नगं, त्याच्यातलं नगं. मी लई इनवलं सायेब. म्हनलं, आये, गावच्या डाक्टरनं सारखं पानी पाजा म्हनून सांगितलंय. न्हाईच म्हनल्या. मग मी इचार केला, तिला पानी चालत न्हाई तर निदान गाडी तरी चालू हू दे. गाडी चालू झाली तर नगर गाठू. म्हनून वतलं."

"हे चौकशीत का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं, का वतलं. आदी दिलं का, असं इचारलं न्हाई." मग थोडं थांबून म्हणाला, "आन् सांगितलं असतं तर सासू खोटी पडली असती. माझी मानसं त्याच गावात ऱ्हात्यात."

वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. परतीच्या वाटेत त्याने सांगितलं, की त्या दिवशी तो सकाळी आठलाच त्यांच्या दारात गाडी घेऊन गेला होता.

त्याच दिवशी महिला शिपाई घेऊन मी त्या घरी गेलो. दीर ओसरीवर होता, सासू आत. मी तिला विचारलं, ड्रायव्हरने पाणी दिलं होतं का.

"दिलं हुतं," ती म्हणाली. "तिनं हात बी पुढं केला हुता. म्या धरला. मुद्दाम न्हाई धरला सायेब, हात आपसूक गेला. जलमभर जसा जातो तसा."

"सकाळी आठलाच तो गाडी घेऊन आला होता का?"

"व्हय. उनं व्हायच्या आत निघू म्हनला, दुपारी गाडी दम धरायची न्हाई. थोरल्याची वाट बघत आमी बारा केले."

दीर उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. तो खोटं बोलला नव्हता. त्याने जे पाहिलं तेच सांगितलं होतं. त्याने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पायात चपला न घालता अंगणात, तापल्या फरशीवर जाऊन बसला. म्हातारी रडत नव्हती.

पुरावा नसल्यास आरोपीला सोडण्याच्या कलम १६९ प्रमाणे मी कोर्टात अहवाल दिला, ड्रायव्हर सुटला. सासूच्या त्या हाताला लावायला माझ्याकडे कलम नव्हतं. ड्रायव्हरने मुद्देमालाच्या पावतीवर सही करून छागल परत नेली. मी त्याला म्हणालो, माझ्याकडून चूक झाली. तो म्हणाला, "चालायचंच सायेब." पुढे त्याने गाव सोडलं, सुप्याला एका कारखान्याच्या बसवर लागला असं कळलं.

तपासातला धडा विचाराल तर नव्या अधिकाऱ्यांना मी सांगत आलो की, आरोपी 'होय' म्हणाला की थांबू नका, आणखी एक प्रश्न विचारा. आणि गाडीसुद्धा ज्या उन्हात बंद पडली त्या उन्हात तपासा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. व्याख्यानात सांगायला सोप्याही आहेत.

पण एक गोष्ट मी ना अहवालात लिहिली, ना कुणाला सांगितली. त्या दुपारी चढावर त्याने छागल पुढे धरली, तेव्हा मी ठाण्यातून निघाल्यापासून पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता. जीभ टाळूला चिकटली होती. पुढे बरीच वर्षं मी स्वतःला समजावत आलो की पाणी पंपासाठी वाचवायचं होतं. ते खरं नाही. मला सपाटून तहान लागली होती. 'तहान नाही' हे तोंडातून आपसूक गेलं, जसा त्या म्हातारीचा हात गेला होता तसं, आणि त्याने माझ्याकडे एकदा पाहून छागल मुकाट्याने मागे घेतली.