काकूंच्या सहीचा चेक

पडदेवाल्या काकांना विकता येत नव्हतं, हे मी समोर बसून पंधरा वर्षं पाहिलंय. मी किल्ल्या बनवतो; हात कामात असले तरी कान मोकळे असतात. भाव ऐकून गिऱ्हाइकाने नुसता सुस्कारा सोडला, तरी काका घाईने म्हणायचे, "बरं, थोडे कमी द्या." काकू शिलाई मशीनवरून डोळे वटारायच्या. "अहो, भाव सांगून झाला की तोंड मिटायचं. त्यांना विचार करू द्या." भाव त्याच ठरवायच्या: कापड, शिलाई, भाडं, आणि वर नफा. दुकान दोघांच्या भागीदारीचं असलं, तरी साहेब कोण हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

खातं दुकानाच्या नावावर, आणि चेकवर दोघांच्या सह्या लागायच्या. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी काकूंनी सगळ्या चेकबुकावर सह्या करून ठेवल्या. "मला आठ-दहा दिवस लागतील. तुमचं अडायला नको," म्हणाल्या. त्या परत आल्याच नाहीत.

काकांनी बँकेला काही कळवलं नाही. लागेल तसा चेक फाडायचा, काकूंच्या सहीशेजारी आपली करायची. असे आठ महिने दुकान दोघांचं राहिलं. गंमत म्हणजे धंदा सुधारला. भाव सांगून झाला की काका आता गप्प राहायचे, कारण बोलायची इच्छाच संपली होती, आणि गिऱ्हाईक मुकाट्याने पैसे मोजायचं. एकदा मोठी ऑर्डर मिळाली तेव्हा ते चटकन मशीनकडे वळून "ऐकलंस का?" म्हणाले आणि तसेच उभे राहिले. मी कानस उगाचच जोरात चालवली.

मग एकच चेक उरला. कापडाच्या ठोक व्यापाऱ्याने पैशांचा तगादा लावला होता. मी शहाणपणा पाजळला, "द्या की लिहून. कुणाला कळतंय?"

काकांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. "हा गेला की तिची सही उरत नाही रे माझ्याकडे."

"घरी त्यांच्या सहीचे कागद काय कमी असतील?"

"ते जुने. ही तिने माझ्या काळजीने केलीय."

व्यापाऱ्याने माल थांबवला. कपाटं रिकामी झाली, आलेली माणसं परत जाऊ लागली. शेवटी माझाच पारा चढला. "काकूंनी उभं केलेलं दुकान तुम्ही बुडवताय, काका!" दुसऱ्या दिवशी दाढी करून आले आणि म्हणाले, "बँकेत चल माझ्याबरोबर."

काउंटरवरच्या मुलीने मृत्यूचा दाखला वाचला. मग हळू आवाजात सांगितलं, "काका, दोघांतला एक भागीदार गेला की कायद्याने भागीदारी त्याच दिवशी संपते. तुम्ही तेव्हाच यायला हवं होतं. हे खातं बंद करून नवं उघडावं लागेल. मधले चेक गेलेत, ते मला मॅनेजरना सांगावं लागेल."

"सांगा."

"उरलेले चेक?"

त्यांनी तो खिशातून काढला, क्षणभर धरून ठेवला, आणि दिला. तिने त्यावर दोन तिरप्या रेघा ओढल्या. एक काकूंच्या सहीवरून गेली. मग नवा अर्ज पुढे घेतला.

"खातं कोण चालवणार?"

"मी."

"एकटेच?"

मागची रांग चुळबुळ करायला लागली. मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

"हो," ते म्हणाले. "एकटाच."

तिने तसं लिहून घेतलं.