गच्चीवरच्या भाजीचं वजन

किस्से साठवायचे म्हणून कुणी साठवत नाही. ते रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात आपोआप साठतात. तारीख, पीक, वजन, नाव आणि शेरा. आमच्या गच्चीवरच्या भाजीच्या रजिस्टरमध्ये वजनाच्या रकान्यात निम्मी जागा मोकळीच राहायची. शेऱ्याचा रकाना मात्र भरून समासात, तिथून मागच्या पानावर! आता दुसरं रजिस्टर चालू आहे, पण मजा पहिल्यात आहे.

मी माने. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, गाड्यांचे पार्ट तपासतो. राहायला पिंपळे सौदागरला, सात मजली सोसायटीत. गच्चीवर आम्ही चौघं वाफे करतो. एक मी. दुसरे बबनतात्या, मूळचे इथलेच. सोसायटी उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांचीच. तिसऱ्या सुनंदाताई, लातूरकडच्या, त्यांचे मिस्टर भोसरीला कामाला. आणि चौथा केतन, हिंजवडीत आयटीवाला, तिशीतला.

भांडण लावलं ते कानडे सरांनी. सर गणिताचे रिटायर्ड शिक्षक, सातव्या मजल्यावर, बरोबर आमच्या वाफ्यांच्या खाली राहतात. जानेवारीच्या मीटिंगमध्ये उभे राहिले. "माझ्या छताला ओल आलीय. ही वरची शेती बंद करा."

चेअरमन म्हणाले, "सर, पण भाजी निघते तिथं."

"किती?"

आम्ही चौघं एकमेकांकडं बघायला लागलो. तात्या म्हणाले, "तसं अंदाजानं..."

"अंदाज नको. आकडा सांगा!"

झालं. ठरलं असं, की फेब्रुवारीपासून एप्रिलअखेर निघेल ती सगळी भाजी मोजायची, जनरल मीटिंगमध्ये आकडा ठेवायचा आणि मग मतदान. वाफे राहणार, नाहीतर जाणार. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, "सर, वीस वर्षं दुसऱ्याचा माल मोजतोय. आता स्वतःचा मोजतो. आकडा मिळेल!"

*

पहिलीच तोडणी तात्यांच्या मिरच्यांची. नग अकरा.

काटा कुणाकडंच नव्हता. केतननं घरातून विमानाला जाताना बॅग मोजायचा तो हुकवाला काटा आणला. पिशवीत मिरच्या घातल्या, पिशवी हुकला अडकवली. काट्यावर शून्य.

परत अडकवली. शून्य!

"सर, एंट्री शून्य करू का?" केतननं मला विचारलं.

तात्या भडकले. "म्हंजे काय, माझ्या मिरच्या हायेतच न्हाईत?"

"तात्या, काट्यावर दिसत नाहीयेत."

"बरं. एक खाऊन बघ."

केतननं आख्खी मिरची चावली. पुढची दहा मिनिटं तो पाण्याच्या टाकीच्या नळाखाली तोंड धरून उभा. डोळ्यांतून धारा. तात्या शांतपणे मला म्हणाले, "आता लिवा मानेसाहेब. हायेत म्हणून."

मी लिहिलं. वजन शून्य. शेरा: साक्षीदार आहे.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीतून येताना स्वयंपाकघरात वापरतात तसला चांगला डिजिटल काटा विकत घेऊन आलो.

*

सुनंदाताईंची मेथी म्हणजे बघत राहावं अशी. पण मला शिस्त पाहिजे! मी सांगितलं, मुळं कापून मोजायची, माती झटकायची, धुतलेली चालणार नाही. पाण्याचं वजन धरता येत नाही.

"बरं भाऊ," ताई म्हणाल्या. मुळं कापली. परत मोजली.

मी म्हटलं, "या पिवळ्या पानांचं काय? ती खाणार नाही ना आपण? मग काढा."

पानं काढली. परत मोजली. एक किलो दोनशे.

"देठ फार लांब आहेत."

ताईंनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं, जुड्या उचलल्या आणि खाली निघून गेल्या. तासाभरानं स्टीलचा डबा घेऊन वर आल्या. काट्यावर ठेवला.

"ही बगा भाजी. माती न्हाई, देठ न्हाई, पाणी न्हाई. दोन वाट्या झाली. आता काय लिहायलाव ते लिहा!"

मी एक किलो दोनशेच लिहिलं. डबा मात्र त्यांनी परत नेला नाही.

*

मधे केतननं सगळं रजिस्टर शीटवर चढवलं. मोबाईलवर एक फॉर्म. पीक, वजन, नाव टाका की सोसायटीच्या ग्रुपवरच्या शीटमध्ये ओळ उमटते, टोटलही आपोआप होते. फारच सोयीचं!

पहिल्याच आठवड्यात तात्यांचा दुधी निघाला. चार किलो दोनशे. केतननं घाईत दशांशचिन्ह टाकलंच नाही. ग्रुपवर सगळ्यांना दिसलं: दुधी, बेचाळीस किलो!

मला कळेपर्यंत चेअरमन गच्चीवर हजर. एकटे नाही. सोबत रावेतहून आलेले त्यांचे व्याही, विहीणबाई आणि फोटो काढायला कॅमेरा उघडलेले दोन मोबाईल.

"तात्या, दाखवा की! मी यांना सांगितलंय, आमच्या सोसायटीत बेचाळीस किलोचा दुधी धरलाय म्हणून."

आता व्याह्यांसमोर चेअरमनना खोटं कसं पाडायचं? मी आणि केतन खाली मान घालून उभे. तात्यांनी मात्र वेलावरचा वीतभर लांब, कोवळा दुधी हातात अलगद धरला.

"त्यो कालच वाटून खाल्ला आमी. ह्यो त्याचा धाकटा भाऊ."

व्याही तिथून खूश होऊन गेले. मी त्याच मिनिटाला शीटवर दुरुस्ती केली आणि चेअरमनच्या कानात खरा आकडा सांगितला. चेअरमन म्हणाले, "ते रावेतला पोहोचल्यावर करायची होती ना दुरुस्ती!"

*

कानडे सरांच्या छतावरची ओल हा मात्र हसण्याचा विषय नव्हता. मी एका रविवारी त्यांच्या घरी गेलो. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ताटाएवढा डाग. सरांच्या पत्नी म्हणाल्या, "पाहुणे आले की आधी वर बघतात, मग आमच्याकडं."

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "सर, आपण मोजू."

स्टुलावर चढून डागाभोवती पेन्सिलनं रेघ मारली, तारीख टाकली. मग आम्ही चौघांनी चार दिवस वाफ्यांना पाण्याचा थेंब घातला नाही. मार्चचं ऊन! ताईंची कोथिंबीर माना टाकायला लागली. तात्या सकाळी वर जायचे, वाफ्यापाशी उकिडवे बसायचे आणि माती चिमटीत चोळून खाली यायचे. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "साहेब, ह्यांची ओल जाईल, पर माझी वांगी जात्यात."

पाचव्या दिवशी परत स्टूल. डाग रेघेच्या बाहेर चार बोटं पसरलेला! वाफे कोरडे ठणठणीत आणि छत आणखी ओलं. प्लंबर बोलावला. टाकीकडून येणाऱ्या पाइपचा वळणावरचा जोड, एल्बो, फुटलेला होता. अर्ध्या तासाचं काम.

मी सरांकडं विजयी मुद्रेनं बघितलं. सरांनी खडू ठेवावा तशी पेन्सिल टेबलावर ठेवली.

"गळती तुमची नाही, हे सिद्ध झालं. वाफ्यांचा उपयोग आहे, हे अजून सिद्ध व्हायचंय."

*

आमच्या कंपनीत एकदा कस्टमरचं ऑडिट होतं. ऑडिटर पुण्याचेच, मितभाषी गृहस्थ. आमचे मॅनेजर सकाळपासून घामाघूम. ऑडिटर माझ्या टेबलापाशी आले आणि इन्स्पेक्शन रजिस्टर मागितलं. मी ड्रॉवरमधून काढून दिलं.

त्यांनी उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. "वांगी. तपासलेले नग चौदा. रिजेक्ट दोन. कारण, अळी."

घाईत सकाळी बसमध्ये चढताना मी गच्चीचं रजिस्टर बॅगेत टाकलं होतं! मॅनेजरचा चेहरा पांढरा. ऑडिटरचा चेहरा तसाच.

"करेक्टिव्ह अ‍ॅक्शन?" त्यांनी विचारलं.

आता माघार कशाला घ्यायची? मी म्हटलं, "कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी, सर. आठवड्यातून दोनदा."

"परिणाम?"

"पुढच्या तोडणीत बावीस नगांत एक रिजेक्ट."

त्यांनी पान उलटलं, आणखी एक उलटलं. पाच मिनिटं वाचत होते. मग रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं आणि मॅनेजरकडं वळले. "बाकीची रजिस्टरं पण अशी लिहीत चला!"

*

तात्यांचं काट्याशी कधी जमलं नाही. प्रत्येक तोडणीला ते आधी भाजी तळहातावर घ्यायचे, हात दोनदा खालीवर करायचे आणि आकडा सांगायचे. आम्ही हसायचो.

एप्रिलच्या एका रविवारी काट्याचा सेल संपला. गवार, भेंडी, काकडी, सगळी तोडून ठेवलेली. ताईंना गवार लगेच हवी होती, घरी पाहुणे बसलेले.

"सेल आणतो," केतन म्हणाला.

"कशापायी?" तात्यांनी गवारीची पिशवी उचलली. "सातशे साठ."

मी लिहिलं नाही. सेल आला, काटा लागला. सातशे पंचावन्न! भेंडी घेतली. "चारशे दहा." काटा म्हणाला चारशे बारा.

मी विचारलं, "तात्या, हे कसं काय?"

ते म्हणाले, "हितंच, खाली आता पार्किंग हाय ना, थितं माझा मळा व्हता. चाळीस वर्सं रोज पहाटं माळव्याच्या पाट्या भरल्या. हात इसरतोय व्हय?"

केतननं गपचूप जुना सेल खिशात टाकला. त्या दिवसाच्या शेऱ्यात मी लिहिलं, "काटा तात्यांच्या हाताशी पडताळून पाहिला. काटा ठीक आहे."

*

अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी जनरल मीटिंग. क्लब हाऊस भरलेलं. शीट दाखवायचं काम केतनचं होतं, पण हा बाबा आदल्या संध्याकाळी "सर, घरचं अर्जंट आहे" एवढंच सांगून नाशिकला गेला. ऐन वेळी! ताई चिडल्या, तात्या चिडले. शेवटी मीच लॅपटॉप टीव्हीला जोडला.

एकेक पीक वाचत गेलो. मेथी, पालक, वांगी, टोमॅटो, गवार. पहिल्या रांगेत कानडे सर वही घेऊन बसलेले. प्रत्येक आकडा हातानं लिहून बेरीज करत होते. मी शेवटी म्हटलं, "एकूण एकशे बारा किलो सहाशे ग्रॅम."

सरांनी वहीत बघितलं. मान वर केली. "बरोबर."

चेअरमन म्हणाले, "मग घ्यायचं का मतदान?"

तेवढ्यात टीव्हीवर सगळ्यांच्या देखत शीटमध्ये एक नवी ओळ उमटली. नाव, केतन. वजन, दोन किलो आठशे पन्नास. पीक, रिकामं. आणि टोटल झाली एकशे पंधरा किलो चारशे पन्नास!

"हे काय?" मागून कुणीतरी ओरडलं. "मीटिंग चालू असताना आकडे वाढवताय?"

"नाशिकहून कुठली भाजी तोडली त्यानं?"

एकच गोंधळ! तात्या उठून म्हणाले, "आमी असलं करत न्हाई!" पण ऐकतंय कोण. तीन महिने ग्रॅम-ग्रॅम मोजलेलं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत आम्ही चोर! माझे कान तापले. मी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकरवर टाकला.

"केतन, दोन किलो आठशे पन्नास कसले टाकलेस तू?"

पलीकडून आधी कसलातरी गलका ऐकू आला.

"सर, मुलगी झाली! आत्ताच. दोघी छान आहेत. नर्सनं वजन सांगितलं आणि सवयीनं हात फॉर्मवरच गेला!"

बायको नाशिकला माहेरी गेलीय, बाळंतपणाला अजून तीन आठवडे आहेत, असं त्यानंच आम्हाला सांगितलं होतं. सुनंदाताईंनी पदर डोळ्यांना लावला. क्लब हाऊसमध्ये टाळ्यांचा कडकडाट! ओरडणाराच सगळ्यात जोरात वाजवत होता.

जरा शांत झाल्यावर चेअरमन म्हणाले, "माने, ती ओळ तेवढी काढा. टोटल चुकतेय."

मी माउसला हात लावला.

"थांबा!" कानडे सर उभे राहिले होते. "तारीख आहे, नाव आहे, वजन आहे. काढता कसली?"

त्यांनी वहीतली बेरीज खोडली, नवी लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या. मग चष्मा पुसत माझ्या हातातल्या फोनकडं बघितलं.

"तेवढा एक पिकाचा रकाना रिकामा आहे. विचारून घ्या, काय नाव ठेवणार आहेत."