साडूंच्या जुम्म्याच्या सहली

दगडाकडे टक लावून पाहणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, पण त्या दगडाकडे दुसऱ्यालाही पाहायला लावणारा माणूस निजामाच्या सगळ्या राज्यात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझे नशीब. हिंगोलीच्या कचेरीत ते कारकून, मी स्टेशनावर तिकीटबाबू. तेव्हा आमच्याकडे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, म्हणजे जुम्म्याला असे. माझी सुट्टी खरे तर मंगळवारी होती. साडूंनी स्टेशनमास्तरांना गळ घालून तीही जुम्म्याला करून घेतली. सुट्टीला शहाणा माणूस पाय ताणून झोपतो. हे गृहस्थ उजाडायच्या आत दमणी जुंपून माझ्या दारात हजर. "चला साडूबुवा, आपला मुलूख पाहून येऊ!" जणू शनिवारी मुलूख लिलावात निघणार होता.

औंढ्याला लोक नागनाथाच्या दर्शनाला जातात. साडूंनी देवाला घाईत हात जोडले आणि भर उन्हात मला देवळाभोवती फिरवून भिंतीतले कोरीव हत्ती दाखवले. "सोंड बघा, सोंड!" हत्तीला सोंड असते हे मला ठाऊक होते. कुरुंद्याला हळद शिजवताना पाहायला नेले, तर कढईच्या वाफेत उभे करून म्हणाले, "वास घ्या बराबर." वास घेतला आणि पांढरे धोतर पिवळे करून घरी आलो. बायको म्हणाली, "कुठं दुसरं लगीन लावून आलात का काय?" कळमनुरीच्या वाटेवर धनगरांच्या तळावर आम्ही शेळीच्या दुधात शिळी भाकरी कुस्करून खाल्ली, तेव्हा साडूंनी डोळे मिटले. मी दिवसभर ढेकर देत होतो.

सण जुम्म्याला येत नाहीत, हे त्यांचे कायमचे दुखणे. एका साली पोळा गुरुवारी आला, म्हणून आम्ही शुक्रवारी पुसेगावला पोळा पाहायला गेलो. बैल निवांत रवंथ करीत बसलेले, शिंगांचा रंग निम्मा उडालेला. बैलांचा मालक चकित होऊन म्हणाला, "काल काहून न्हाई आलात?"

"काल कचेरी व्हती."

त्या भल्या माणसाने बैल उठवले, पुन्हा झुली चढवल्या, आणि दोन माणसांसाठी गावात दुसरा पोळा फिरवला. साडूंच्या डोळ्यांत पाणी. माझ्या पानात कालची पोळी.

या सगळ्या खटाटोपामागे त्यांची एकच आस होती. आपला मुलूख बाहेरच्या माणसाने येऊन पाहावा आणि चांगला म्हणावा. एकाने तरी म्हणावा. पुण्याला त्यांचा एक मावसभाऊ शाळामास्तर होता, निजामाच्या हद्दीत कधी पाऊल न टाकलेला. त्याला साडू चार वर्षे पत्रे लिहीत होते, हत्तींच्या सोंडांसकट. शेवटी त्याचे उत्तर कचेरीच्या पत्त्यावर आले. नांदेडला एका लग्नाला येतो आहे, तिथून एका दिवसासाठी येईन. साडूंनी उलट टपाली कळवले, "लग्न आटोपलं की सुट्टीच्या दिवशी सकाळच्या गाडीने या. मी दमणी घेऊन उभा आहे."

जुम्म्याला ते उभे राहिले. बैलांच्या गळ्यात नवी घुंगरे, मेहुणीने बांधून दिलेले धपाटे, अंगात इस्त्रीचा कोट. सकाळची गाडी गेली, संध्याकाळचीही गेली. "काई तकलीफ झाली असंल लग्नात," म्हणाले आणि दमणी वळवली.

रविवारी मी खिडकीवर होतो. सकाळच्या गाडीतून छत्री घेतलेला एक गृहस्थ उतरला, इकडेतिकडे पाहून बाकावर बसला आणि तासाभराने माझ्याकडे आला. "मला न्यायला कोणी येणार होते. आज रविवार, कचेरीही बंद असणार, चौकशी तरी कुठे करायची?" ती पुणेरी भाषा कानावर पडताच मी त्याला ओळखले. ओळखले नाही म्हणालो तर ते खोटे होईल. पुण्यात सुट्टी रविवारची, हे माझ्याही तेव्हाच ध्यानात आले. कचेरी उघडी होती, हाकेच्या अंतरावर होती, आणि साडू तिथे मान खाली घालून लिहीत बसले होते. पण हा पाहुणा खूश होऊन गेला असता, तर साडूंनी मला जन्मभर एक जुम्मा मोकळा सोडला नसता. मी तिकिटे मोजू लागलो.

"बरं, इथे पाहण्यासारखं काही आहे का हो?"

"परतीची गाडी आहे," मी म्हणालो. "बाराला सुटते."

तो हसला. मीही हसलो आणि त्याला तिकीट दिले.

आठवड्याने साडू कार्ड घेऊन माझ्या खिडकीशी आले. मला त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले. मावसभावाने रविवारची सगळी हकीकत लिहिली होती, आणि शेवटी, "तुमच्या तिकीटबाबूनेच सांगितले की इथे परतीच्या गाडीखेरीज पाहण्यासारखे काही नाही." हिंगोली स्टेशनावर तिकीटबाबू एकच होता. मी तिकिटांच्या खणात काहीतरी शोधू लागलो. मला वाटले आता शिव्या देतील, आणि दिल्या असत्या तर बरे झाले असते.

"बाबूचं काय चुकलं?" ते हळूच म्हणाले. "आमालाच त्याला नीट दाखवता आलं न्हाई."

कार्ड खिशात घालून ते गेले.

पुढच्या जुम्म्याला मी उजाडायच्या आत अंघोळ उरकून दारात येऊन बसलो. ऊन ओसरीवर आले तरी कोणी हाक मारली नाही. शेवटी बायको बाहेर आली. "दाजीची वाट बघून राहिले का?" ती म्हणाली. "ते तर मघाच गेले. मागच्या गल्लीनं."