आईच्या गळ्यातलं आयोडीन

आईचं वजन उतरायला लागलं तेव्हा सगळ्यात आधी आप्पा खूश झाले. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधून रिटायर झाल्यापासून घरच्यांच्या तब्येतीवर बोलायला त्यांना भरपूर वेळ मिळत होता. "तुझी आई या वयात हिरोइन होतेय," असं ते मला फोनवर कौतुकानं सांगायचे. मग आईचे हात थरथरायला लागले. घरी बसून साड्यांना टिकल्या लावायचं तिचं काम सुटलं. छातीत धडधड, ऐन थंडीत घाम. डॉक्टरांनी तिचा गळा चाचपला, रक्त तपासलं आणि सांगितलं, थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करतेय. औषधांनी ती काबूत येईना, तेव्हा ते म्हणाले, "रेडिओॲक्टिव्ह आयोडीन देऊ. एक कॅप्सूल गिळायची, संपलं."

"रेडिओॲक्टिव्ह म्हणजे?" आप्पांनी विचारलं.

"अणूचंच म्हणा ना," डॉक्टर सहज म्हणाले. ते सहज म्हणणं आम्हाला पुढे चांगलंच भोवलं.

आमच्या गल्लीत अणूचा अधिकार आप्पांकडे होता. पोखरणला चाचण्या झाल्या तेव्हा मी शाळेत होते. बातमी ऐकल्याबरोबर आप्पांनी मिलमधून लवकर सुटून पेढे आणले आणि घरोघर वाटले. पेढे किती होते ते मला आठवत नाही, पण आप्पांच्या गोष्टीत त्यांचं वजन दरवर्षी वाढत गेलं. अलीकडे तर आमच्या अर्ध्या उधना भागानं ते खाल्ले होते. टीव्हीवर कुठल्याही देशाचं क्षेपणास्त्र दिसलं की आप्पा आवाज वाढवून बसायचे आणि मान डोलवायचे, जणू त्यांना विचारूनच सोडलंय.

तर असे आप्पा कॅप्सूलच्या दिवशी दवाखान्याच्या दारातच थांबले. "गाडी बघतो," म्हणाले. आम्ही रिक्षानं गेलो होतो.

आत एका माणसानं जाड शिशाच्या डबीतून चिमट्यानं कॅप्सूल काढून आईच्या पुढ्यात धरली. आईनं ती पाण्याबरोबर गिळली आणि मला विचारलं, "एवढंच?" मग सूचना मिळाल्या. थोडे दिवस वेगळं झोपायचं, लहान मुलांना आणि गरोदर बायकांना जवळ घ्यायचं नाही, भांडी वेगळी, पाणी भरपूर प्यायचं. भावाची बायको नातवाला घेऊन आधीच बारडोलीला माहेरी गेली होती आणि भाऊ रात्रपाळीच्या नावाखाली मित्राकडे राहायला गेला होता. माझी मुलं मोठी, म्हणून आईजवळ राहायला मी आले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन हात लांब राहा. आप्पांनी ते दोन खोल्या असं ऐकलं. आईच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर त्यांनी स्टूल ठेवलं. ताट त्यावर ठेवायचे, कडी वाजवायचे आणि गॅलरीत निघून जायचे. तोंडाला कोरोनातला जुना मास्क. आई आतून हाक मारायची, "अहो, मी काही फुटत नाही!"

"माले काय भ्याव वाटस का?" आप्पा गॅलरीतून ओरडायचे. घाबरले की त्यांची अहिराणी उफाळून येते, आणि तेवढ्यावरून सगळ्या बिल्डिंगला कळायचं की ते घाबरलेत.

आई म्हणाली, "देशानं बॉम्ब फोडला तेव्हा पेढे वाटलेत. बायकोनं एवढीशी गोळी खाल्ली तर गॅलरीत झोपता?"

आप्पा झाडांना पाणी घालायला लागले. त्या आठवड्यात आमची तुळस कुजली.

बिल्डिंगमध्येही कुजबुज झाली. वरच्या मजल्यावरची मारवाडी काकी तेवढी खाली आली. गेली तीसेक वर्षं ती आमच्या डोक्यावर राहते. तिच्या नवऱ्याचं मार्केटमध्ये साड्यांचं दुकान आहे आणि आईला टिकल्यांचं काम तिनंच मिळवून दिलं होतं. ती राजस्थानी केर-सांगरीच्या भाजीचा डबा घेऊन आली, खुर्ची आईच्या दाराशी बरोबर दोन हातांवर मांडून बसली. आप्पा मास्क सावरत म्हणाले, "भाभी, जरा जपून. अणूचं प्रकरण आहे."

काकी तिच्या हिंदीत म्हणाली, "भाईसाब, मला अणू नका सांगू. मी त्याच्या शेजारी बसलेली आहे."

आम्हाला वाटलं, आईबद्दल बोलतेय.

"माझं माहेर पोखरणजवळ आहे," ती म्हणाली. "सुट्टीत पोरांना घेऊन गेले होते. लष्कराची माणसं आली, म्हणाली, घरात कोणी थांबू नका, बाहेर झाडाखाली बसा. का ते सांगितलं नाही. आम्ही खेजडीखाली बसलो. ही डब्यातली सांगरी म्हणजे त्याच झाडाच्या शेंगा. दुपारी जमीन अशी हलली, जशी म्हैस अंग झटकते. लांब धुळीचा डोंगर उठला. माझ्या आईच्या घराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर पडली."

आप्पांनी मास्क खाली ओढला. "तुम्ही तिथे होता? इतकी वर्षं कधी बोलला नाहीत!"

"सुरतला परत आले तर तुम्ही पेढ्याची गोष्ट सांगत होता. इतक्या आनंदात होता की कशाला मोडायचं, म्हटलं. आणि खरं सांगू? आम्हालाही अभिमान होताच. गावात लोक नाचले. नंतर गाईच्या नाकातून रक्त आलं, कुणाला खाज सुटली, कुणाच्या अंगात गाठ निघाली, की म्हणायचे, त्याचंच असेल. माझी आई गळ्यातल्या गाठीनं गेली. त्याचंच होतं की नव्हतं, कोण सांगणार?"

आई आतून म्हणाली, "तू मला हे कधी नाही सांगितलंस."

"तुझ्या गळ्याला काही झालं नव्हतं तोवर काय सांगायचं?" काकी म्हणाली आणि रडली. आई उठून जवळ यायला लागली, तेव्हा काकीच म्हणाली, "दो हाथ, दो हाथ!" दोघी तशाच लांबून हसल्या आणि रडल्या. आप्पा डबा हातात धरून मध्येच उभे होते.

पुढच्या तपासणीला आप्पा आमच्याबरोबर आतपर्यंत आले. आईबद्दल एक शब्द न विचारता त्यांनी डॉक्टरांना पोखरणचं विचारलं. डॉक्टर काळजीपूर्वक बोलले. आपल्याकडच्या चाचण्या जमिनीखाली झाल्या, त्या बाईंच्या आईची गाठ कशानं झाली ते तपासल्याशिवाय कुणालाही सांगता येणार नाही. पण जगात इतरत्र पूर्वी उघड्यावर बॉम्ब फोडले तेव्हा हेच आयोडीन वाऱ्याबरोबर लांब जाऊन गवतावर पडलं. गाईंनी ते गवत खाल्लं, दुधात उतरलं, पोरांनी दूध प्यायलं आणि ते त्यांच्या गळ्यात जाऊन बसलं. काहींना पुढे कॅन्सर झाला. "थायरॉइड आयोडीन ओढून घेतं," ते म्हणाले. "त्या पोरांना ते कुणी न विचारता मिळालं. तुमच्या मिसेसना आम्ही मोजून दिलंय."

घरी आल्यावर आप्पा म्हणाले, "मना चहामा दूध टाकू नको." आठवडाभर त्यांनी काळा चहा प्यायला, वाईट तोंड करून. मी त्यांना समजावलं की हे दूध जवळच्या कामरेजच्या म्हशीचं आहे, तिचा कुठल्याही बॉम्बशी संबंध नाही. ते म्हणाले, "त्या पोरांच्या आयांनाही असंच वाटलं असेल." त्यांची चेष्टा करायचं सोडून मी त्यांच्या काळ्या चहात आणखी एक चमचा साखर घातली.

मग आप्पांनी वर जाऊन काकीच्या मागे लकडा लावला की तुम्हीही गळा तपासून घ्या. काकी आधी हसली, मग चिडली, शेवटी कटकट थांबावी म्हणून आली. या खेपेला आप्पा गाडी बघायला थांबले नाहीत. सोनोग्राफी झाली, रक्त दिलं, आणि रिपोर्ट नॉर्मल आला.

"झालं समाधान?" काकीनं जिन्यात विचारलं.

"हो," आप्पा म्हणाले. मग विचारलं, "तुमच्या आईचं नाव काय होतं, भाभी?"

काकीनं सांगितलं. कठड्याला टेकून ती मग बराच वेळ तिच्या आईबद्दल बोलत राहिली, ती बाजरीचे रोटले कसे थापायची, जावयाला कशी दटावायची. आप्पा एक पायरी खाली उभे राहून ऐकत होते. आईनं दोनदा जेवायला हाक मारली, पण ते घरात आले नाहीत.